जुन्या पेट्रोल मोटारीसाठी ऑक्सिजन सेन्सरची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

दहा ते वीस वर्षे वापरलेली पेट्रोल मोटार ही महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाच्या जीवनातील आजही नित्याची वस्तू आहे. महाविद्यालयांच्या वाहनतळांवर अशा मोटारी विशेषच आढळतात. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाला नवी मोटार परवडत नाही आणि एसटीच्या वेळापत्रकात दोन गावांच्या तासिका बसत नाहीत. अशा मोटारीत एके दिवशी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, अॅव्हरेज घटते, थांबलेल्या गाडीच्या मागे पेट्रोलचा उग्र वास येऊ लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला आहे, बदलावा लागेल’ असे निदान होते. पुढे सुट्या भागांच्या दुकानात एकाच मोटारीच्या नावाने तीन वेगवेगळे डबे समोर येतात. तिन्ही सेन्सरांचे आटे सारखे, तोंडवळा सारखा आणि किमती मात्र एकमेकींपासून फार दूर.

या प्रसंगी होणारी चूक केवळ त्या भागाच्या किमतीपुरती राहत नाही. न जुळणारा सेन्सर इंजिनाला गरजेपेक्षा अधिक पेट्रोल देण्यास भाग पाडू शकतो; न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते; आणि प्लॅटिनमगटातील धातूंचा लेप असलेला तो भाग, ज्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते, अतितप्त होऊन निकामी होतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोटार परिवहन कार्यालयात न्यावी लागते. त्या वेळी धुराचे प्रमाण मर्यादेत नसेल तर अन्यथा धडधाकट असलेली मोटार भंगाराच्या वाटेला लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, हे लक्षात घेता या प्रश्नाचे आर्थिक स्वरूप स्पष्ट व्हावे.

सेन्सरची खरी ओळख त्याच्या बाह्य आकारात नसून तो इंजिनाच्या संगणकाशी कोणत्या विद्युत भाषेत बोलतो यात आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मोटारीत तापमान, दाब, गती मोजणारे अनेक सेन्सर असतात. येथे ऑक्सिजन सेन्सरचाच विचार प्रामुख्याने केला आहे, कारण खरेदीतील गोंधळ याच भागाबाबत सर्वाधिक होतो.

सेन्सरचे कार्य :

सर्वसाधारण पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे गुणोत्तर अचूक साधले की त्या स्थितीला लॅम्डा १ असे म्हणतात. पेट्रोल अधिक झाले तर मिश्रण ‘रिच’, हवा अधिक झाली तर ‘लीन’. गॅरेजमध्येही हेच शब्द रूढ आहेत. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही दूषित वायूंवर एकाच वेळी प्रक्रिया करणारा कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या आसपासच्या अतिशय अरुंद पट्ट्यातच कार्यक्षम असतो. मोटार त्या पट्ट्यात ठेवण्याचे काम ऑक्सिजन सेन्सर करतो.

त्यामागील तत्त्व रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित आहे. वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार एखाद्या आयनवाहक पदार्थाच्या दोन बाजूंना एकाच वायूचे आंशिक दाब भिन्न असतील, तर त्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. सेन्सरच्या टोकाशी यिट्रियम ऑक्साइड मिसळून स्थिर केलेल्या झिर्कोनियम डायऑक्साइडची टोपणासारखी पोकळ नळी असते. तिच्या आतील व बाहेरील पृष्ठभागांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. बाहेरून धूर वाहतो, आत बाहेरची हवा पोहोचते. सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाला हा मृत्तिकापदार्थ ऑक्सिजनच्या आयनांचे वहन करू लागतो. मिश्रण रिच असेल तर धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि सेन्सर ०.८ ते ०.९ व्होल्ट देतो. लीन असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. लॅम्डा १ ओलांडताना धुरातील मुक्त ऑक्सिजनचा आंशिक दाब एकदम अनेक घातांनी बदलतो, म्हणून हा व्होल्टेज हळूहळू न उतरता उडी घेतो. संगणक या उडीवरून पेट्रोल किंचित कमी-जास्त करीत राहतो. त्यामुळे निरोगी सेन्सरचा संदेश सतत वर-खाली होत असतो, आणि तो एका जागी स्थिर झाला तर शंका घ्यावी.

बॉश कंपनीने १९७६ मध्ये हा सेन्सर प्रथम मोठ्या प्रमाणावर उत्पादनात आणला आणि व्होल्व्होच्या अमेरिकेत जाणाऱ्या मोटारींत तो बसविण्यात आला. सुरुवातीचा सेन्सर केवळ धुराच्या उष्णतेवर तापत असे, त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यावर काही काळ तो मुकाच राहत असे. १९८२ मध्ये आत विजेचा हीटर असलेला प्रकार आला. खरेदीच्या दृष्टीने हा हीटर महत्त्वाचा आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

भारतीय मोटारींतील आगमन :

भारतात या भागाचा इतिहास उत्सर्जन मानकांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून कन्व्हर्टर आला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करण्यात आले, कारण शिसे कन्व्हर्टरला व सेन्सरला सारखेच विषासमान आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याच वर्षी युरो १ शी समतुल्य मानके देशभर लागू झाली आणि कार्ब्युरेटरची जागा एमपीएफआय प्रणालीने घेतली. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० या बदलाचे उत्तम उदाहरण आहे. २००० मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळाले आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबेपर्यंत नाव एकच राहिले. ‘मारुती ८०० चा सेन्सर द्या’ या मागणीला यामुळेच फारसा अर्थ उरत नाही.

त्यापुढील तपशील अधिक फसवा आहे आणि महाराष्ट्रातील वाचकाला तो थेट लागू पडतो. भारत स्टेज ३ मानके १ एप्रिल २००५ रोजी केवळ ११ शहरांत लागू झाली. त्यांत मुंबई व पुणे ही शहरे होती. उर्वरित देशात तेव्हा भारत स्टेज २ मानके आली आणि स्टेज ३ ची व्याप्ती देशभर होण्यास २०१० साल उजाडले. म्हणजे २००७ साली पुण्यात नोंदलेली मोटार आणि त्याच वर्षी, त्याच नावाने, कोल्हापुरात नोंदलेली मोटार या वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात. आणि मानक वेगळे असेल तर संगणक, वायरिंग व सेन्सर वेगळे असण्याची शक्यता निर्माण होते. पुढे २०१० पासून प्रमुख शहरांत भारत स्टेज ४ आली, तिच्यासोबत मोटारीच्या अंतर्गत निदानप्रणालीचा पहिला टप्पा आला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. दुसऱ्या टप्प्यात कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेवरही लक्ष ठेवावे लागत असल्याने कन्व्हर्टरच्या पुढे एक व मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर नित्याचे झाले.

वॅगन आर या मोटारीत हाच प्रश्न इंजिनाच्या रूपाने येतो. एप्रिल २०१० मध्ये तिचे नवे रूप ९९८ घनसेंमीच्या तीन सिलिंडरी इंजिनासह आले. तत्पूर्वी १०६१ घनसेंमीचे चार सिलिंडरी इंजिन होते. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘२०१०’ एवढेच पाहणारा ग्राहक यांपैकी कोणतीही मोटार चालवीत असू शकतो.

खरेदीपूर्वीचे निदान :

स्कॅनरवर येणारा सांकेतिक क्रमांक म्हणजे निदान नव्हे, हे विशेष ठामपणे सांगणे आवश्यक आहे. पी ०१७१ हा क्रमांक मिश्रण लीन असल्याचे सांगतो, पी ०१७२ रिच असल्याचे. हे दोन्ही सेन्सरने दिलेले वृत्त आहे. वृत्त अप्रिय असल्यामुळे वार्ताहर बदलण्याची पद्धत आपल्याकडील गॅरेजांत दुर्दैवाने रूढ झाली आहे. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट फाटून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर सेन्सर लीन सांगतो व ते सत्यच असते. पी ०४२० हा क्रमांक कन्व्हर्टरची क्षमता उतरल्याचे सुचवितो. तेथे मागचा सेन्सर बदलून बहुधा काहीच साधत नाही. याउलट पी ०१३५ हा पहिल्या सेन्सरच्या हीटर मंडलातील दोष दर्शवितो, आणि तेथेही प्रथम फ्यूज पाहावा.

याबाबतीत एक विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल, म्हणजे इंजिन ‘मिसिंग’ करीत असेल, तर त्या सिलिंडरमधील पेट्रोल व हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. त्याला धुरात ऑक्सिजन मुबलक दिसतो, तो ‘लीन’ असा संदेश देतो आणि संगणक आणखी पेट्रोल ओततो. मोटारीच्या मागे पेट्रोलचा वास आणि स्कॅनरवर मात्र लीनचा क्रमांक, अशी विसंगत लक्षणे दिसली की स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल आधी तपासावी. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या नळीला चीर असेल तरीही असेच घडते. धुराच्या स्पंदनांमुळे बाहेरची हवा चिरेतून आत ओढली जाते.

प्रत्यक्ष परीक्षा अवघड नाही. इंजिन पूर्ण गरम करून ते सुमारे २५०० फेऱ्यांवर ठेवावे आणि स्कॅनरवर, किंवा उच्च अंतर्गत रोध असलेल्या डिजिटल मल्टिमीटरवर, संदेशवाहक तारेचा व्होल्टेज पाहावा. तो ०.१ ते ०.९ या मर्यादेत चपळतेने खालीवर होत असेल तर सेन्सर जिवंत आहे. अॅक्सिलरेटर झटक्याने दाबताच तो ०.८ च्या वर गेला पाहिजे आणि सोडताच खाली आला पाहिजे. वर-खाली होतो परंतु आळसावल्यासारखा होतो, हे वार्धक्याचे लक्षण. संदेशवाहक तारेवर ओहममापन मात्र कधीही करू नये; मीटरमधून येणारा प्रवाह सेन्सरला अपाय करू शकतो. हीटरच्या दोन तारांमधील रोध मोजण्यास हरकत नाही.

काढलेल्या सेन्सरचे टोकही बोलके असते. काळी काजळी रिच मिश्रण सांगते, पांढरट थर सिलिकॉन किंवा कूलंट ज्वलनकक्षात जात असल्याचे सुचवितो, तेलकट तपकिरी थर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. असे कारण दूर न करता नवा सेन्सर बसविला तर तोही त्याच मार्गाने जातो.

महाराष्ट्रात अनेक जुन्या मोटारींना नंतर सीएनजी किट बसविलेले आहे. त्या किटच्या जोडणीत ऑक्सिजन सेन्सरची संदेशवाहक तार सोलून तिला दुसरी तार गुंडाळण्याचा प्रकार सर्रास आढळतो. मिथेनसाठी हवेचे गुणोत्तर सुमारे १७.२ असले तरी सेन्सर इंधन न पाहता लॅम्डाच पाहत असल्याने तो सीएनजीवरही तसाच चालतो. दोष बहुधा त्या चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचा असतो. अशा मोटारीत भाग विकत घेण्यापूर्वी हा जोड उघडून पाहणे हे स्वस्तातले निदान होय.

क्रमांकावरून ओळख :

निदान पक्के झाल्यावर खरेदीचा प्रश्न येतो. बहुसंख्य ऑक्सिजन सेन्सरांचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे व १.५ मिलिमीटर अंतराचे असतात आणि षट्कोनाला २२ मिलिमीटरचा पाना लागतो. याचाच अर्थ असा की एका मोटारीचा सेन्सर दुसऱ्या मोटारीत बहुधा सहज बसतो. ‘बसला म्हणजे जुळला’ हा समज येथूनच उत्पन्न होतो.

वास्तविक आत किमान तीन भिन्न जातींचे सेन्सर असू शकतात. वर वर्णिलेला झिर्कोनियाचा सेन्सर स्वतः व्होल्टेज निर्माण करतो. टायटेनियाचा सेन्सर व्होल्टेज निर्माण करीत नाही, केवळ आपला रोध बदलतो. तो थोड्याच मोटारींत असतो. तिसरा विस्तृत पल्ल्याचा सेन्सर मिश्रण किती रिच वा किती लीन आहे हे प्रवाहाच्या रूपाने सांगतो. टोयोटाच्या क्रमांकपद्धतीत हा भेद स्पष्ट दिसतो : ८९४६५ ने सुरू होणारा भाग ऑक्सिजन सेन्सर, तर ८९४६७ ने सुरू होणारा एअर-फ्युएल सेन्सर. दोघांनाही चार तारा असतात, दोघांचे बाह्य रूप जवळजवळ एकच. परंतु एकाच्या जागी दुसरा लावल्यास संगणकाला मिळणारा संदेश निरर्थक ठरतो. एका अंकाचा हा फरक काउंटरवर नजरेतून निसटू शकतो, म्हणून क्रमांक पूर्ण वाचून घ्यावा.

सुझुकीच्या पद्धतीत १८२१३ हे पाच अंक ऑक्सिजन सेन्सरचे द्योतक आहेत. पुढील पाच अक्षरांकांवरून तो कोणत्या प्रतिरूपासाठी आहे व त्याची कितवी सुधारित आवृत्ती आहे हे ठरते. म्हणून पहिले पाच अंक जुळले एवढ्याने समाधान मानू नये. बॉशच्या सेन्सरवर ० २५८ ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक असतो. हे क्रमांक डब्यावर असतात तसेच सेन्सरच्या धातूच्या अंगावर किंवा षट्कोनावर कोरलेले असतात. जुना सेन्सर फेकून देण्यापूर्वी तारेच्या ब्रशने ती जागा स्वच्छ करून क्रमांक लिहून घेणे, ही या सर्व व्यवहारातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित कृती आहे. अर्थात मोटार आपल्याकडे दुसऱ्या वा तिसऱ्या हाती आली असेल, तर लावलेला सेन्सर मूळचाच आहे असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी चेसिस क्रमांक हा अंतिम आधार. सतरा अक्षरांकांचा हा क्रमांक मारुतीसाठी एमए३, भारतीय ह्युंदाईसाठी एमएएल, टाटासाठी एमएटी या अक्षरांनी सुरू होतो. कंपनीच्या अधिकृत भागविक्रेत्याकडे तो दिल्यास त्या विशिष्ट मोटारीला लागू असलेला भागक्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक बंद झाला असल्यास त्याच्या जागी आलेला नवा क्रमांकही कळतो. जुन्या मोटारींबाबत हे उत्तराधिकारी क्रमांक फार महत्त्वाचे असतात. दुकानदार ‘हा नंबर आता येत नाही’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा केवळ क्रमांक बदललेला असतो, भाग नव्हे.

दोन सेन्सर असलेल्या मोटारीत पुढचा व मागचा यांत गल्लत करू नये. पुष्कळ मोटारींत त्यांच्या तारांची लांबी व कपलर भिन्न असतात. आखूड तार ताणून लावली तर ती तप्त नळीला टेकून वितळते, लांब तार खाली लोंबते. ही क्षुल्लक वाटणारी बाब मंडल तुटण्याचे कारण ठरते.

तारांची संख्या आणि रंग :

एक तार असलेला सेन्सर हीटरविरहित असतो व आपले अर्थिंग सायलेन्सरच्या नळीतून घेतो. तीन तारांत दोन हीटरच्या व एक संदेशाची. चार तारांत संदेशाला स्वतंत्र अर्थ मिळते. पाच वा सहा तारा विस्तृत पल्ल्याच्या सेन्सरला असतात. चार तारांच्या जागी तीन तारांचा लावून एक तार मोकळी सोडणे ही तडजोड करू नये. गंजलेल्या सायलेन्सरमधून येणारी अर्थ विश्वासार्ह नसते आणि अर्ध्या व्होल्टच्या फरकावर चालणाऱ्या व्यवहारात तेवढी अविश्वासार्हता पुरेशी घातक असते.

हीटरचा रोधही जुळला पाहिजे. थंड स्थितीत तो रचनेनुसार तीन-चार ओहमपासून पंधरा-सोळा ओहमपर्यंत भिन्न असतो. संगणक त्या मंडलातील प्रवाहावर लक्ष ठेवीत असेल, तर अगदी नवा परंतु भिन्न रोधाचा सेन्सर लावल्यावरही दिवा पुन्हा लागतो, आणि दोष उगाचच नव्या सेन्सरवर किंवा संगणकावर ढकलला जातो.

कपलर नसलेला, सुट्या तारांचा ‘युनिव्हर्सल’ सेन्सर स्वस्त मिळतो. जुन्या सेन्सरचा कपलर कापून तो नव्याला जोडायचा असतो. येथील खरा धोका रंगांचा आहे. बॉशच्या चार तारांच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या तारा हीटरच्या, काळी संदेशाची व करडी संदेशाच्या अर्थची असते. डेन्सोच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या तारा हीटरच्या, निळी संदेशाची व पांढरी अर्थची. म्हणजे काळी तार एका कंपनीत संदेश वाहते आणि दुसरीत बॅटरीचा बारा व्होल्टचा पुरवठा. ‘काळ्याला काळी’ या सरळ न्यायाने जोड दिल्यास एक व्होल्टही अपेक्षित नसलेल्या संगणकाच्या प्रवेशबिंदूवर बारा व्होल्ट पोहोचू शकतात. दुसरी बाब अशी की अनेक सेन्सरांत आतल्या पोकळीत लागणारी संदर्भहवा तारांच्या आवरणातील सूक्ष्म पोकळीतूनच जाते. डाग देऊन केलेला जोड किंवा कपलरमध्ये भरलेले ग्रीस ही वाट बंद करते. म्हणून जोड दाबून बसविणाऱ्या स्लीव्हनेच करावा. लेखकाच्या मते, कपलरसह तयार मिळणारा सेन्सर उपलब्ध असताना युनिव्हर्सल सेन्सरचा मार्ग घेऊ नये; वाचलेले पैसे त्या चार जोडांच्या जोखमीला पुरत नाहीत.

हाच न्याय इतर सेन्सरांनाही लागतो. क्रँक सेन्सर चुंबकीय प्रेरणेवर चालणारा असतो किंवा हॉल परिणामावर. पहिला स्वतः संकेत निर्माण करतो, दुसऱ्याला पुरवठा लागतो. कूलंटचे तापमान मोजणारे दोन सेन्सर एकाच आट्यांचे असूनही त्यांचे रोध-तापमान कोष्टक भिन्न असू शकते. मग संगणकाला उन्हाळ्यातही इंजिन थंड असल्याचा भास होतो.

बाजारातील पर्याय :

मोटार कंपन्या हे सेन्सर सहसा स्वतः बनवीत नाहीत. बॉश, डेन्सो, एनटीके या उत्पादकांकडून ते येतात. यांतील एनटीके हे एनजीके स्पार्क प्लगच्या उत्पादकाचे नाममुद्राचिन्ह असून त्या कंपनीने २०२३ मध्ये निटेरा हे नाव धारण केले. परिणामी मोटार कंपनीच्या डब्यातील सेन्सर आणि उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यातील सेन्सर हे पुष्कळदा एकच असतात व दुसरा स्वस्त असतो. जुन्या सेन्सरच्या अंगावरील नाव व क्रमांक वाचण्याचा आणखी एक लाभ तो हा. मोटार जुनी असताना हा मधला पर्याय बहुधा सर्वांत शहाणपणाचा ठरतो.

तिसरा पर्याय म्हणजे नामसादृश्याचा माल. दिल्लीचे काश्मीरी गेट, मुंबईतील कुर्ला येथील बाजार, पुण्यातील नाना पेठ या ठिकाणी अस्सल भाग निश्चितच मिळतात. परंतु त्याच गल्ल्यांत नाव एका अक्षराने बदललेले डबेही मिळतात. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार डब्यावर उत्पादक वा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत आणि ग्राहकतक्रारीसाठी संपर्क असणे आवश्यक आहे. आयात केलेल्या परंतु आयातदाराचे नाव नसलेल्या डब्यावर विश्वास ठेवू नये. क्रमांक छापील कागदाऐवजी धातूवर कोरलेला आहे का, तो डब्यावरील क्रमांकाशी जुळतो का, आणि पावतीवर भागक्रमांक लिहून मिळतो का, एवढे पाहावे. पावतीवर केवळ ‘सेन्सर १ नग’ असे लिहिले असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दाद मागताना आपण काय विकत घेतले हेच सिद्ध करता येत नाही. विजेचा भाग परत घेतला जात नाही ही दुकानदारांची सर्वसाधारण अट असल्याने क्रमांकाची खात्री काउंटरवरच करावी.

भंगारातून काढलेला सेन्सर घेऊ नये. दार, आरसा, दिवा जुना चालतो. परंतु सेन्सर हा झिजणारा भाग आहे. हीटरविरहित सेन्सरचे आयुष्य साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर व हीटर असलेल्याचे सुमारे दीड लाख किलोमीटर धरले जाते. भंगारातील सेन्सरने त्यातील किती खर्च केले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल व जुना सेन्सर :

२०२५ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले आहे. इथेनॉलला वजनाने केवळ नऊ भाग हवा पुरते, त्यामुळे अशा मिश्रणाचे आदर्श गुणोत्तर १३.५ च्या जवळपास येते. २००५ च्या मोटारीच्या संगणकात जे कोष्टक आहे ते जुन्या पेट्रोलचे आहे. टाकीत काय आहे हे त्याला सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. तो निरोगी असेल तर संगणक आठ-नऊ टक्के अधिक इंधन देऊन तूट भरून काढतो. तो मंदावला असेल तर मोटार अंदाजावर चालते. रबरी नळ्या व गॅस्केटांवरील इथेनॉलचा परिणाम हा निराळा विषय आहे. परंतु पूर्वी ‘चालतोय तोवर चालू दे’ म्हणून सोडलेला थकलेला सेन्सर आता तितका निरुपद्रवी राहिलेला नाही.

बसविणे व त्यानंतरची तपासणी :

सेन्सर काढताना नळी कोमट असावी. पूर्ण थंड नळीत आटे आवळलेले असतात, तप्त नळीवर हात भाजतो. तार जाण्यासाठी खाच असलेला सॉकेट वापरावा. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा उष्णतारोधक लेप लावलेलाच असतो. नसेल तर तो फक्त आट्यांवर लावावा, टोकाला लागू देऊ नये. सुमारे ४० ते ५० न्यूटन-मीटर एवढा आवळ पुरतो. हातातून पडलेला सेन्सर बाहेरून अक्षत दिसला तरी आतील मृत्तिकानळी तडकलेली असू शकते, म्हणून दुकानात काउंटरवर पडलेला नगही नाकारावा. त्याच सुमारास इंजिनाचे दुसरे काम निघाले असेल तर गॅस्केटसाठी साधा सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नये. सेन्सरला अपाय न करणारा प्रकार वेगळा मिळतो.

यानंतर स्कॅनरने जुने क्रमांक पुसून, इंधनदुरुस्तीच्या संगणकाने साठविलेल्या नोंदीही पूर्ववत करून घ्याव्यात. पन्नास-शंभर किलोमीटर मोटार नेहमीच्या रस्त्यावर चालवावी आणि पुन्हा स्कॅनर लावून दीर्घकालीन इंधनदुरुस्तीचा आकडा शून्याच्या किती जवळ आला आहे ते पाहावे. मग पीयूसी केंद्रावर जावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार भारत स्टेज २ व ३ च्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के व हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम, तर स्टेज ४ च्या मोटारीला अनुक्रमे ०.३ टक्के व २०० पीपीएम आहे. मागील प्रमाणपत्र जपून ठेवले असेल तर दोन्ही शेजारी ठेवावीत. सेन्सर खरोखर जुळला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा त्या कागदावर उतरलेला दिसतो.